पंचवीस मिनिटांचा हिशेब: एका काकूंच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काकू,

झटपट रात्रीच्या जेवणावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत. तुम्ही वयाने मोठ्या आहात हे तुमच्या लिहिण्यातूनच कळलं, म्हणून काकू म्हणते. इतर वाचकांसाठी तुमचे मुद्दे थोडक्यात सांगते. पंचवीस मिनिटांत जेवण तयार होतं हा लेखातला दावा धूळफेक आहे. डाळ धुणं-भिजवणं, लसूण सोलणं, ओटा आवरणं त्यात धरलेलंच नाही. वरणफळं, पिठलं, खिचडी ही अडीअडचणीची जेवणं आहेत, त्यांना पूर्ण जेवण म्हणता येणार नाही, त्यांत भाजी राहूनच जाते. कुकरमध्ये डाळीचं सत्त्व जातं. मुलींना स्वयंपाक आलाच पाहिजे, पण असले लेख वाचून त्या कामचुकार होतात. आणि शेवटी एक प्रश्न: वरणफळांत आमसूल डाळीबरोबरच का शिजवायचं नाही?

वेळेपासून सुरुवात करते. लेखात मी वरणफळांचा हिशेब असा दिला होता. सकाळी निघताना तूरडाळ धुऊन भिजत घालायची. संध्याकाळी घरी आल्यावर ती हळद, हिंग आणि थेंबभर तेल घालून कुकरला लावायची. शिट्ट्या होईपर्यंत तिखट-मीठ-ओवा घालून घट्ट कणीक भिजवायची, मोठी पोळी लाटायची आणि शंकरपाळ्यासारखे तुकडे कापून ठेवायचे. कुकरची वाफ जिरेस्तोवर पातेल्यात मोहरी, लसूण, कढीपत्ता, सुकी मिरची यांची फोडणी. मग डाळ घोटून त्यात ओतायची, वरून पाणी, गोडा मसाला, गुळाचा खडा. खळखळून उकळी आली की फळं एकेक करून सोडायची. उकळी मंद असताना एकदम टाकली तर त्यांचा गोळा होतो. दहाएक मिनिटांत फळं शिजून वर येतात. वाढताना तूप.

भिजवण्याची आणि लसणाची मिनिटं यात नाहीत, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण भिजत घातलेली डाळ आपली आपण भिजते, तिच्याजवळ कोणी उभं राहत नाही. कामावरून दमून आलेल्या माणसाला संध्याकाळी सात ते साडेसात या अर्ध्या तासाची धास्ती असते, आणि माझा लेख त्या अर्ध्या तासाबद्दल होता. बाकीचं काम दिवसभरात विखुरता येतं, आणि घरातल्या माणसांत वाटताही येतं. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण मला सर्वांत जास्त तिथेच बोलायचं आहे.

त्याआधी 'पूर्ण जेवण'. डावी बाजू, उजवी बाजू, मध्ये भाताची मूद, वर वरण, कडेला लिंबाची फोड: हे ताट मलाही फार प्रिय आहे आणि सणावाराला मी ते मन लावून करते. पण ते आपलं रोजचं रात्रीचं जेवण होतं, असं मला वाटत नाही. कोकणात कुळथाची पिठी आणि भात. देशावर पिठलं-भाकरी. सोलापूरकडे आणि मराठवाड्यात चकोल्या, विदर्भात त्याच धाटणीची वरणफळं, शिवाय गोळाभात. जुन्नर-नगर भागात शेंगोळे. खानदेशात तर कित्येक घरांत रात्र म्हणजे तुरीच्या डाळीची खिचडी, वर कच्चं तेल आणि सोबत पापड. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईने चुलीवर एक भांडं चढवून घर जेवू घातलं, त्यातून हे पदार्थ घडले. आपल्या स्वयंपाकाचा हा मोठा आणि कसदार भाग आहे. त्याला अडचणीचं जेवण म्हटलं की त्या बायकांच्या अकलेला आपण कमी लेखतो.

आणि ही अक्कल केवढी होती ते पाहा. भाजणी म्हणजे काय? बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरे वेगवेगळे खमंग भाजून दळून ठेवायचे. मग कितीही उशीर होवो, कांदा-कोथिंबीर चिरली, पाणी घातलं, थापलं की थालीपीठ तयार. मेतकूट तसंच, कुळथाचं पीठ तसंच. भाजण्यात वेळ आधी घालवलेला असतो, म्हणून ऐनवेळी तो वाचतो.

पोषणाचं म्हणाल, तर गहू-तांदळात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि डाळींत ते भरपूर असतं. डाळींत मेथिओनिन कमी, ते धान्यातून मिळतं. म्हणून वरण-भात, खिचडी, वरणफळं, भाकरी-पिठलं या जोड्या एकमेकांची उणीव भरून काढतात. हरभऱ्याच्या शंभर ग्रॅम डाळीत साधारण वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात, आणि पिठल्यात तीच तर आहे. मात्र भाजीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला पूर्ण पटतं. एका भांड्यातल्या जेवणात भाजी हमखास राहून जाते. त्यावर माझा उपाय साधा आहे: वरणफळांच्या आमटीत मूठभर शेवग्याचा पाला किंवा चिरलेली मेथी, पिठल्यात कांद्याची पात, खिचडीत मटार-गाजर-फ्लॉवर, आणि सोबत काकडी, मुळा, टोमॅटो नुसते कापून. कोशिंबिरीला फोडणी नसली तरी मुलं आवडीने खातात.

कुकरबद्दल थोडक्यात. उघड्या पातेल्यात पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसला उकळतं. कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास पोचतं, म्हणून डाळ लवकर गळते. त्यात प्रथिनं नाहीशी होत नाहीत. काही जीवनसत्त्वं उष्णतेने कमी होतात, पण ती पातेल्यातही होतात, आणि तिथे डाळ कितीतरी जास्त वेळ रटरटत असते. शिजलेल्या डाळीचं पाणी ओतून दिलं नाही म्हणजे झालं. पितळी पातेल्यातल्या वरणाची चव मात्र वेगळी लागते. ती चव ज्यांना हवी आणि ज्यांच्याजवळ वेळ आहे, त्यांनी जरूर तसंच करावं.

आता कामचुकारपणा. काकू, तुमचं हे वाक्य मला लागलं, कारण तुम्ही 'मुली' लिहिलंत. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. सहा वर्षांवरच्या बायका-मुलींपैकी शंभरात ८१ जणी दिवसाकाठी बिनपगारी घरकाम करत होत्या, आणि त्यांचा सरासरी वेळ होता २९९ मिनिटं. म्हणजे जवळपास पाच तास. पुरुष-मुलग्यांत घरकामाला हात लावणारे शंभरात २६, आणि जे लावत होते त्यांची सरासरी ९७ मिनिटं. या आकड्यांत कामचुकार कोण दिसतं?

तुम्ही भिजवणं, निवडणं, सोलणं, आवरणं यांची मिनिटं मोजायला सांगितलीत. मी म्हणते, जरूर मोजूया, आणि मोजून झाल्यावर वाटूया. रविवारी आठवड्याचा लसूण सोलून ठेवणं हे नवऱ्याचं काम असू शकतं. नारळ खोवणं, मटार सोलणं शाळकरी मुलाला नीट जमतं. सकाळी डाळ भिजत घालायला कसलंही शिक्षण लागत नाही. आमच्या घरी संध्याकाळी जो आधी पोचेल तो कुकर लावतो, मग तो कोणीही असो. मी सोपे पदार्थ मुद्दाम निवडते, त्यामागे हेच कारण आहे. साग्रसंगीत स्वयंपाक एकीच्याच हातात अडकून राहतो. खिचडी बारा वर्षांच्या मुलालाही शिकवता येते: दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, फोडणी, पाणी, मीठ, तीन शिट्ट्या. मुलगा ती शिकला, म्हणजे उद्या त्याच्या घरातल्या बाईची तेवढी मिनिटं वाचली. हे मला फार मोलाचं वाटतं. मुलींना स्वयंपाक आलाच पाहिजे असं तुम्ही म्हणता. माझं म्हणणं, तो घरातल्या प्रत्येकाला आला पाहिजे, आणि म्हणून तो शिकता येईल इतका सुटसुटीतही हवा.

आता आमसुलाचं. आंबट पदार्थाच्या पाण्यात डाळीच्या दाण्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन सहजी विरघळत नाही, त्यामुळे डाळ टणक राहते आणि कितीही शिट्ट्या केल्या तरी घोटली जात नाही. चिंच, कैरी, टोमॅटो यांचंही तेच. म्हणून डाळ पुरती शिजली, घोटून झाली की मग आमसूल. वरणफळांत मी ते गुळाबरोबर, फळं सोडायच्या आधी घालते, म्हणजे आंबटपणा फळांतही मुरतो. तुमच्याकडचं पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं असेल तर डाळ आणखीच वेळ घेते. अशा वेळी ती जास्त वेळ भिजवा आणि कुकरला आरओ फिल्टरचं किंवा पावसाळ्यात साठवलेलं स्वच्छ पाणी वापरून पाहा.