केसांच्या तपासणीचा तो मेसेज पुढे पाठवू नका

कोथरूड, सिंहगड रोडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘केसांची एक बट द्या, शरीरात झिंक किती कमी, शिसं किती जास्त ते अचूक कळेल, रक्त काढायला नको.’

हे खरं नाही. केसांतले धातू मोजता येतात, पाऱ्याचा किंवा आर्सेनिकचा मागचा संपर्क शोधायला त्याचा उपयोगही होतो. पण कोंड्याच्या शाम्पूतलं झिंक, हेअर डाय, बोअरचं पाणी, सगळ्याचा अंश केसांवर राहतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात एकाच व्यक्तीचे केस ६ प्रयोगशाळांकडून तपासून घेतले, तर आकड्यांत प्रचंड तफावत निघाली.

शिशाची शंका असेल तर डॉक्टर रक्तच तपासतात. केसांच्या रिपोर्टवरून लहान मुलांना ‘डिटॉक्स’ची औषधं देणं तर मला फार धोक्याचं वाटतं. कृपया हा मेसेज फॉरवर्ड करू नका. केला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.