काळ्या घोड्याला किती?

पावसाळा आला की बडोद्याच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘इशारा आता थेट मोबाइलवर येतो. मग सरकारने रेडिओ-टीव्ही-पेपरवाल्यांशी संधान कशाला बांधायचं? ते नुसते घाबरवतात, वर सरकारचे मिंधे होतात.’

पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे. टॉवरवरून येणाऱ्या ‘सेल ब्रॉडकास्ट’ इशाऱ्याला तुमचा नंबर लागत नाही की इंटरनेट. टॉवरच्या टप्प्यातले फोन एकदम वाजतात. पण टॉवर सुरू हवा, फोन चार्ज हवा. ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यातली विश्वामित्री नदी धोक्याची खूण ओलांडून ३७ फुटांवर गेली, तेव्हा कितीतरी भागांत वीजच नव्हती. पेन्सिल सेलवरचा ट्रान्झिस्टर अशा वेळीही बोलतो.

खरी अडचण वेगळीच आहे. फोन सांगतो, ‘जिल्ह्यात अतिवृष्टी’. आपला पूर मात्र वरून, पावागढाकडून आणि आजवा जलाशयातूनही येतो. रावपुऱ्यात उघडीप असते आणि समा-फतेहगंजकडे पाणी चढत असतं. म्हणून इथे माणसं विचारतात ते ‘आजवा किती? काळ्या घोड्याला किती?’ म्हणजे जलाशयाची पातळी किती आणि काळा घोडा पुलापाशी नदीची किती. हा आकडा तासातासाला, भागांच्या नावांसकट सांगणार कोण? स्थानिक वाहिनी, रेडिओ. त्यांना तो वेळेवर मिळायचा तर कोण कुणाला कळवणार हे उन्हाळ्यातच ठरलेलं हवं. पाणी दारात आल्यावर अधिकाऱ्याचा नंबर शोधण्यात अर्थ नाही.

आणि गंमत म्हणजे, ज्या ‘सचेत’ या सरकारी इशारा यंत्रणेच्या जोरावर हा मेसेज उड्या मारतो, ती कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल या ठरावीक पद्धतीवर उभी आहे. एकच मजकूर फोन, रेडिओ, टीव्ही सगळीकडे एकदम जावा, हाच त्याचा हेतू.

माध्यमं घाबरवतात? घाबरवतात की. पुरात नदीतून रस्त्यावर आलेली मगर दिवसभर दाखवतात. पण अधिकृत आकडा हाती नसला की रिकामी जागा मगरच भरते, आणि ‘धरण फुटलं’ची आवईही तिथेच उठते.

मिंधेपणाची भीती मात्र मला पटते. सरकारी जाहिरातींवर चालणाऱ्या पेपराकडून फार अपेक्षा नको. म्हणून सरकार आणि माध्यमांतला करार लेखी असावा, फक्त इशाऱ्यापुरता. जपानमध्ये एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर आपत्तीतली जबाबदारी कायद्यानेच टाकली आहे. आजव्याचं पाणी कधी सोडलं आणि लोकांना कधी कळवलं, हे दुसऱ्या दिवशी बातमीदाराने विचारायचंच आहे. इशाऱ्यावर वेळ नोंदलेली असेल, तर अधिकाऱ्याला ‘आम्ही सांगितलं होतं’ एवढ्यावर सुटता येणार नाही.