लॅरी होम्सने मारले ते सगळे ‘फालतू’ होते?

हेवीवेट बॉक्सिंगचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो. ‘लॅरी होम्स नशिबाने चॅम्पियन झाला. फ्रेझर आणि फोरमन हे आधीचे चॅम्पियन निघून गेले होते, मैदान रिकामं होतं. थकलेल्या अलीला हरवलं, बाकी सगळे फालतू लोक मारले, आणि टायसन समोर येताच चार राउंडमध्ये आडवा झाला.’ हे इतक्या वेळा फिरतं की लोकांना ते खरंच वाटू लागलंय. मला ते पटत नाही.

आधी ‘नशिबाने’. ९ जून १९७८, लास व्हेगास. समोर केन नॉर्टन, म्हणजे १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडणारा माणूस. डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेने नॉर्टनला विजेतेपद कागदावर बहाल केलं होतं हे खरं, पण होम्सला ते पंधरा राउंड लढून घ्यावं लागलं. शेवटच्या राउंडमध्ये दोघांच्याही अंगात त्राण नव्हतं, तरी बचाव सोडून ते एकमेकांवर तुटून पडले. दोन पंचांनी १४३-१४२ होम्सला दिले, तिसऱ्याने तेवढेच नॉर्टनला. म्हणजे शेवटची तीन मिनिटं जरा ढिली गेली असती तर पट्टा गेला होता. याला नशीब म्हणायचं?

आता ‘फालतू लोक’. सगळी मेख इथे आहे. आपण त्या बॉक्सरांना होम्सकडून हरलेले म्हणून ओळखतो आणि मग ते हरले म्हणून त्यांना कच्चे ठरवतो. त्यांनी पुढे काय केलं ते बघा ना.

माइक वीव्हर जून १९७९ मध्ये होम्सशी लढायला आला तेव्हा त्याच्या नावावर आठ पराभव होते. लोकांनी त्याला मोजलंच नाही. त्याने होम्सला घाम फोडला आणि बाराव्या राउंडमध्ये हरला. नऊ महिन्यांनी याच वीव्हरने जॉन टेटला पंधराव्या राउंडमध्ये, गुणांवर मागे असताना, नॉकआउट करून डब्ल्यूबीए या दुसऱ्या संघटनेचा पट्टा घेतला. ट्रेव्हर बर्बिक १९८१ मध्ये होम्सकडून गुणांवर हरला, १९८६ मध्ये डब्ल्यूबीसी चॅम्पियन झाला. टिम विदरस्पूनने १९८३ मध्ये होम्सला इतकं झुंजवलं की पंचांमध्ये एकमत झालं नाही, आणि पुढच्याच वर्षी तोही चॅम्पियन. ‘बोनक्रशर’ स्मिथचं तेच: १९८४ मध्ये होम्सकडून हार, १९८६ मध्ये विदरस्पूनला पहिल्याच राउंडमध्ये उडवून डब्ल्यूबीएचा पट्टा. हे चौघे होम्सकडून हरल्यानंतर चॅम्पियन झाले. रिकाम्या मैदानात अशी माणसं सापडत नाहीत.

आणि अर्नी शेव्हर्स! मार्च १९७९ मध्ये त्याने नॉर्टनला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं होतं. सप्टेंबरमध्ये त्याचा उजवा ठोसा सातव्या राउंडमध्ये होम्सला लागला. होम्स पाठीवर पडला. सपाट. ती चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल, दरवेळी वाटतं की आता हा उठत नाही. तो उठला, तो राउंड कसाबसा काढला आणि अकराव्यात लढत संपवली. शेव्हर्सचा तसा ठोसा खाऊन उभा राहणारा माणूस नशिबावर जगत नव्हता.

दाव्यात तथ्य कुठे आहे तेही सांगतो. ऑक्टोबर १९८० मधली अलीविरुद्धची लढत मी होम्सच्या जमेला धरत नाही. अली ३८ वर्षांचा होता, दोन वर्षं रिंगबाहेर होता, आणि होम्स स्वतःच लढत थांबवा म्हणून रेफरीकडे बघत होता. १९८३ मधली मार्विस फ्रेझरची (जो फ्रेझरच्या मुलाची) लढतही तशीच. मार्विस रँकिंगमध्ये नसल्याने डब्ल्यूबीसीने तिला विजेतेपदाची लढत मानायलाच नकार दिला, आणि माझ्या मते संघटनेचं बरोबर होतं. विदरस्पूनला दुसरी संधी द्यायला हवी होती, तीही होम्सने दिली नाही. पण होम्स चॅम्पियन असतानाच डब्ल्यूबीएचा पट्टा टेट, वीव्हर, डोक्स, कोएट्झी, पेज आणि टब्स अशा सहा जणांच्या कमरेवर फिरला. एकालाही तो फार काळ टिकवता आला नाही. होम्सचं राज्य सात वर्षं चाललं.

राहिला टायसन. २२ जानेवारी १९८८ ला होम्सही ३८ वर्षांचाच होता आणि जवळपास दोन वर्षं एकही लढत खेळला नव्हता. अलीच्या बाबतीत वय आणि खंड धरायचा, होम्सच्या बाबतीत सोडून द्यायचा, हा कुठला न्याय? ७५ लढतींच्या कारकिर्दीत त्याला वेळेआधी हरवणारा टायसन एकटाच.

त्यानंतरही तो संपला नाही. फेब्रुवारी १९९२ मध्ये, ४२ व्या वर्षी, त्याच्यासमोर रे मर्सर होता: ऑलिंपिक सुवर्णविजेता, अपराजित, अकरा वर्षांनी लहान. होम्स दोरांना पाठ लावून उभा राहायचा, मर्सरला अंगावर येऊ द्यायचा आणि मधूनच उजवा ठोसा हाणायचा. मध्येच तो कॅमेऱ्याकडे वळून बोललासुद्धा. बारा राउंडनंतर निकाल त्याच्या बाजूने लागला. चार महिन्यांनी तो होलीफिल्डशी विजेतेपदासाठी लढला. गुणांवर हरला, पण बारावा राउंड संपला तेव्हा तो स्वतःच्या पायांवर उभा होता.