थेंब दिसत नाही म्हणून हेड उतरवायला देऊ नका

गणपती जवळ आले की चाकरमान्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: कूलंट (इंजिन थंड ठेवणारं रंगीत पाणी) कमी होतंय पण गाडीखाली थेंब नाही, तर हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) गेलंच समजा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर दिसला तर खात्रीच. थोडंफार कमी होत असेल तर कोकणातल्या उकाड्यात ते उडतंच, विहिरीचं पाणी ओता. जास्त गळत असेल तर रेडिएटरमध्ये हळद टाका. आणि तापमानाचा काटा मधोमध आहे तोवर बिनधास्त पळवा.

यातलं एखादं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीच्यांनी खिसा तरी रिकामा होतो, नाहीतर इंजिन तरी बसतं.

‘थेंब नाही म्हणजे हेड गॅस्केट.’

गळती असूनही थेंब न दिसण्याची कारणं साधी आहेत. चालत्या गाडीत कूलंट ९० अंशांच्या आसपास गरम असतं, शिवाय दाबाखाली. केसाएवढ्या चिरेतून जे बाहेर येतं ते गरम ब्लॉकवर किंवा एक्झॉस्टवर पडून जागच्या जागी वाळतं. रेडिएटरच्या जाळीवर आलेलं पंख्याच्या वाऱ्याने सुकतं. उरलंसुरलं इंजिनखालचं प्लास्टिकचं कव्हर झेलतं. त्यात आपल्याकडची जमीन. सारवलेल्या खळ्यात किंवा जांभ्याच्या फरशीवर गाडी उभी असेल तर दोन-चार थेंब जांभा पिऊन टाकतो, आणि पावसाळ्यात तर खाली सगळंच ओलं. एसीचं पाणीही तिथंच टपकतं. दोन्हींतला फरक बोटाला कळतो: एसीचं पाणी साधं, बिनवासाचं; कूलंट बुळबुळीत, रंगीत आणि वासाला गोडसर. चव मात्र चुकूनही घेऊ नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि सांडलेलं कूलंट अंगणातली कुत्री-मांजरं चाटतात, म्हणून ते लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाकावं.

म्हणून पहिलं काम फुकटचं. खालचं कव्हर काढा, रात्री इंजिनखाली मोठा पुठ्ठा उलगडून ठेवा आणि त्यावर पुढच्या दोन चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला ते पाहिलं की वर कुठे शोधायचं ते कळतं. काही गळत्या फक्त थंड इंजिनात होतात, कारण धातू आकसतो आणि होजवरची क्लिप सैल पडते. दिवसभर ठणठणीत असलेली गाडी पहाटे दोन थेंब टाकते ती यामुळे.

दुसरं काम टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन. ओल शोधायची नाही, वाळलेला थर शोधायचा. कूलंट सुकलं की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी मागे राहते. होजच्या तोंडाशी, थर्मोस्टॅटच्या प्लास्टिक हाउसिंगच्या सांध्यावर, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी ॲल्युमिनियमला जिथे दुमडून बसवलेली असते त्या कडेला ती आधी दिसते. समुद्राजवळच्या गाड्यांत आणखी दोन जागा. होजच्या स्प्रिंग क्लिपा खाऱ्या हवेने गंजून पकड सोडतात. वरून चांगली दिसणारी क्लिप पकडीने दाबली की तुटून हातात येते. आणि रेडिएटरची खालची पट्टी, जिथे चिखल आणि मीठ साचून राहतं. तिथल्या पात्यांचा बोटाने दाबल्यावर भुगा होत असेल तर नळीही लवकरच बोलणार. रेडिएटरच्या पुढ्यात एसीचा कंडेन्सर असतो, त्यामुळे समोरून बघून काही कळत नाही. मागून, पंख्याच्या फटीतून बघावं लागतं. उंदरांनी कुरतडलेला होजही पावसाळ्यात सापडतो, तो बहुधा खालच्या अंगाला.

वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्याखाली हलका डाग चालतो, खरपुडीचा ओघळ चालत नाही. पंप टायमिंग बेल्टवर फिरणारा असेल तर हे भोक कव्हरच्या आत दडतं आणि पाणी कव्हरच्या खालच्या टोकातून येतं. तिथे ओल दिसली तर थांबू नये, कारण तेच कूलंट बेल्टवरही पडत असतं. जुन्या लोखंडी ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेली पत्र्याची गोल बुचंही तपासावीत. ती आतून गंजतात, आणि मागचं बूच तर आरशाशिवाय दिसतच नाही.

केबिनमधली गळती सगळ्यात फसवी. कोकणात हीटर कोण लावतो, असं वाटतं. पण बऱ्याच गाड्यांत हीटर बंद असला तरी त्याच्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट फिरतच असतं. तो पाझरला की पुढच्या डाव्या सीटसमोरची मॅट ओली होते. एसीची ड्रेन नळी तुंबली तरी नेमकी तीच मॅट ओली होते, म्हणून मॅट उचलून खालचा फोम पिळून बघा: स्वच्छ पाणी आलं तर नळी, चिकट आणि गोड वासाचं आलं तर हीटर. पावसाळ्यात काचेवर आतून वाफ धरतेच, पण ती एसीने निघून जाते. कूलंटची वाफ पुसली तर काचेवर तेलकट पट्टे राहतात.

एवढं करूनही काही सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर. हातपंप, वर मीटर, आणि रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या झाकणाच्या जागी बसणारं तोंड. इंजिन पूर्ण थंड असताना पातळी पूर्ण भरा, टेस्टर बसवा आणि झाकणावर छापलेल्या आकड्याएवढाच दाब द्या. बऱ्याच झाकणांवर ०.९ किंवा १.१ बार असतं. काहींवर तेच ८८ किंवा १०८ किलोपास्कल असं लिहिलेलं असतं. जास्त दाब दिला तर चांगला होजही फुटतो. पंधरा मिनिटं काटा जागेवर राहिला पाहिजे. घसरला तर पुन्हा टॉर्च घेऊन फिरा; आता चालता पंखा नाही, उष्णता नाही, म्हणजे पाणी वाळणार नाही, थेंब दिसेलच. झाकणही त्याच पंपावर वेगळं तपासून घ्या. स्प्रिंग मऊ पडलेलं झाकण दाब धरत नाही, कूलंट उकळून बाहेर फेकलं जातं आणि गळती कुठेच सापडत नाही. थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर झाकणाची आत घेणारी बारीक झडप अडकली आहे. काही शेकड्यांचं झाकण न बदलता हेड उतरवलेल्या गाड्या कमी नाहीत.

काटा घसरतोय आणि बाहेर कुठेही ओल नाही, तेव्हाच गळती आत आहे असं म्हणायचं. तरीही ती हेड गॅस्केटचीच असेल असं नाही. डिझेल गाडीत आधी ईजीआर कूलर बघा, म्हणजे इंजिनात परत फिरवायचा जळका वायू कूलंटने थंड करणारा भाग. त्याच्या आतली नळी फुटली की कूलंट थेट एक्झॉस्टच्या वाटेने जातं आणि थेंबही पडत नाही. कूलर काढून, पाण्याचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून एक बारपर्यंत हवा भरायची आणि पंक्चरवाला ट्यूब बुडवतो तसा बादलीत बुडवायचा. बुडबुडे आले की निकाल लागला.

‘झाकणाखाली दुधाळ थर, पांढरा धूर: खात्रीच.’

घरापासून बाजारापर्यंत दोन-तीन किलोमीटर, तेही जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत. ऑइल पुरेसं तापतच नाही, आतली वाफ वरच्या थंड झाकणाला लागून लोण्यासारखा थर धरते. तो पुसा, हायवेवर तासभर सलग गाडी चालवा आणि पुन्हा बघा. खरी साक्ष डिपस्टिकची. तिच्यावरचं ऑइल दुधी झालं असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल तर इंजिन सुरूच करू नका. धुराचंही तेच. सकाळी सायलेन्सरमधून निघणारी वाफ काही मिनिटांत थांबत असेल तर ते साचलेलं पाणी. इंजिन तापल्यावरही दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर चालू राहिला तर ते कूलंट. उलट, कूलंटच्या टाकीत तपकिरी लोणी तरंगत असेल तर संशय ऑइल कूलरवरही घ्यावा, कारण चालत्या इंजिनात ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो आणि ऑइल पाण्यात घुसतं.

हेड गॅस्केट पकडायच्या चाचण्या वेगळ्या आहेत. थंड इंजिनाला टेस्टर लावून गाडी सुरू करा. पाणी तापायच्या आधीच, मिनिटभरात काटा झरझर चढला तर सिलिंडरमधला वायू पाण्यात येतोय. काटा झाकणाच्या आकड्यापुढे जायच्या आत इंजिन बंद करून दाब सोडा. दुसरी चाचणी टाकीच्या तोंडावर धरायच्या निळ्या द्रवाची: पेट्रोल गाडीत जळका वायू आला तर तो पिवळा होतो. डिझेलमध्ये ईजीआर कूलर फुटला असला तरी रंग बदलू शकतो, म्हणून तो आधी बाद करून घ्यावा. गळती बारीक असेल तर रात्रभर दाब देऊन ठेवा, सकाळी सगळे स्पार्क प्लग काढा आणि मगच स्टार्टर मारा. कूलंट साठलेल्या सिलिंडरच्या भोकातून फवारा उडतो. प्लग न काढता स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, मग गॅस्केटचा खर्च किरकोळ वाटायला लागतो. एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ निघणं हीही चांगली खूण.

‘उकाड्यात उडतंच.’

इंजिनाच्या ९० अंशांपुढे बाहेरचे ३४ काय आणि २८ काय. कूलंटची यंत्रणा सीलबंद असते. जादा कूलंट साठवणाऱ्या बिनदाबाच्या बाटलीतून वर्षभरात किंचित कमी होतं, दर महिन्याला अर्धा लिटर नाही. पातळी नेहमी सकाळी, थंड इंजिनात, त्याच सपाट जागी बघा आणि बाटलीवर चिकटपट्टीची खूण करून शेजारी किलोमीटर लिहा. नुकतंच कूलंट बदललं असेल तर आतली हवा निघेपर्यंत पातळी एकदा-दोनदा उतरते. ती गळती नव्हे.

‘विहिरीचं पाणी, हळद.’

खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मचूळ. त्यातले क्षार ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला आणि हेडला आतून खड्डे पाडतात, म्हणजे गळतीवर ओतलेलं पाणी नवीन गळती तयार करतं. रस्त्यात अडलात तर मिळेल ते गोडं पाणी जरूर घाला, पण घरी आल्यावर ते काढून टाका आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी निम्मं, कूलंटचं कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं) निम्मं असं भरा. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात पाणी घालू नका. कोकणात बर्फ पडत नाही म्हणून नुसतं पाणी चालेल, हाही गैरसमज; कूलंट इथे गंज रोखायला आणि उकळबिंदू वाढवायला हवं. हळद जुन्या पितळी रेडिएटरच्या रुंद नळ्यांत फुगून भोक बुजवायची. आताच्या चपट्या नळ्यांत आणि हीटरच्या त्याहून बारीक नळ्यांत ती चिखलासारखी बसते. बाजारातल्या गळती-बंद पावडरीही तसंच करू शकतात, शिवाय त्यानंतर प्रेशर टेस्टचा निकाल विश्वासाचा राहत नाही.

‘काटा मधोमध आहे तोवर पळवा.’

हे सगळ्यात घातक. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कूलंट संपून तो कोरड्या हवेत आला की काटा मधोमध राहू शकतो, खालीही येऊ शकतो, आणि हेड मात्र भाजत असतं. साखरप्याहून आंबा घाट चढताना इंजिनावर भार वाढतो, दाब वाढतो, आणि गावात न दिसलेली चीर तिथे उघडते. शंका आली की हीटर पूर्ण गरमवर फिरवा. गरम हवा यायची ती थंड यायला लागली तर पाणी संपलंय. गाडी कडेला घेऊन इंजिन तिथल्या तिथे बंद करा. झाकणाला हात लावायचा तो वरचा होज मुठीत धरवेल इतका थंड आणि मऊ झाल्यावर, तोही फडकं टाकून, आधी अर्धाच फेरा.