हिल एंडचा सोन्याचा दगड: फिरणाऱ्या पोस्टमधली गफलत

कोटातला दाढीवाला गृहस्थ आणि शेजारी जवळजवळ त्याच्या खांद्याएवढी सोन्याची शिळा, हा फोटो पुन्हा फिरतोय. सोबतचा दावा असा: १८७२ साली ऑस्ट्रेलियातल्या हिल एंड गावी होल्टरमन नावाच्या गरीब मजुराला जगातला सर्वांत मोठा सोन्याचा गोळा सापडला, तो रातोरात श्रीमंत झाला आणि ते गाव आज ओसाड आहे.

आधी फोटो. तो जोडकामाचा आहे. होल्टरमन स्टुडिओत भलत्याच वस्तूवर हात ठेवून उभा राहिला, शिळेचं छायाचित्र वेगळं घेतलं आणि मागचा व्हरांडा तिसऱ्याच काचेवरच्या निगेटिव्हमधून आला. कात्री-डिंकाच्या जमान्यातलं फोटोशॉप, आणि तेही झकास! मुळात ती शिळा त्यानं खणलेलीच नव्हती. १९ ऑक्टोबर १८७२ च्या रात्री 'स्टार ऑफ होप' खाणीत रात्रपाळीच्या कामगारांनी सुरुंग उडवल्यावर ती उघडी पडली. होल्टरमन त्या खाणीच्या मालकांपैकी एक. हिल एंडजवळच्या हॉकिन्स हिल टेकडीवर बरीच वर्षं हाल काढल्यावर १८७१ पासून त्याला पैसा दिसू लागला होता, म्हणजे 'रातोरात' तर नाहीच. शिळा अखंड राहावी म्हणून त्यानं ती विकत मागितली, पण कंपनीनं नकार दिला आणि ती फोडून सोनं काढलं. नाव मात्र मालकाचंच उरलं. सुरुंग लावणारे कोण होते, हे कुठलीच पोस्ट विचारत नाही.

सर्वांत मोठा गोळा? वजन सुमारे २८६ किलो, पण त्यात गारगोटी आणि पाटीचा दगडच जास्त. सोनं अंदाजे ९३ किलो, तेही दगडात अडकलेलं, म्हणजे हा सुटा गोळा नव्हेच. मातीत सुटा सापडलेल्या गोळ्यांत पहिला मान १८६९ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या मोलिआगुलला मिळालेल्या 'वेलकम स्ट्रेंजर'चा. तो ७० किलोंहून जास्त होता.

आता 'ओसाड'. भरभराटीत इथे सुमारे ८,००० माणसं आणि २८ दारूचे गुत्ते होते असं सांगतात. आज वस्ती शंभराच्या आसपास. पण १८७२ चं रॉयल हॉटेल उभं आहे, आणि भुतांना बिअर लागत नाही. १९४७ पासून रसेल ड्रायस्डेल, डोनाल्ड फ्रेंड यांच्यासारखे चित्रकार इथे आले, आजही कलाकार मुक्कामाला येतात. रिकामे प्लॉट बरेच आहेत हे खरं. तिथे पूर्वी काय होतं, ते दाखवणारे जुन्या छायाचित्रांचे फलक लावलेत. ती छायाचित्रं मर्लिन आणि बेलिस यांनी काढलेली; तो संग्रह वाढवायला पैसा होल्टरमननंच पुरवला. त्या संग्रहाच्या काचेच्या निगेटिव्ह १९५१ मध्ये सिडनीच्या चॅट्सवुडमधल्या एका शेडमध्ये सापडल्या.