वक्र जुळला म्हणजे झालं?

कोविडमध्ये साथीचा अंदाज बांधणारी गणिती मॉडेलं फसली, मग गणिती जीवशास्त्रात पाच-सहा वर्षं पीएचडी कशाला करायची, हा वाद तिकडे, मायदेशी, पुन्हा रंगलाय. एक बाजू म्हणते आकडे जुळले नाहीत, दुसरी जुळलेले आलेख नाचवते. जुळण्यालाच दोघं धरून बसलेत, म्हणून चिडचिड होते.

मुंबईचंच घ्या. कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांच्या १९२७ च्या निबंधात डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ मधल्या प्लेगचे आठवड्यावार मृत्यू आहेत आणि त्यांवर सुरेख बसलेला वक्र. तो तीन आकड्यांत मावतो: शिखर ८९० मृत्यूंचं, सतराव्या आठवड्यात, चढ-उताराचा वेग ०.२. त्यांच्या साथीच्या मॉडेलला मात्र चार हवेत: लागणीचा दर, आजारातून (बरं होऊन किंवा मरून) सुटण्याचा दर, सुरुवातीचे लागणयोग्य, म्हणजे ज्यांना लागण होऊ शकते ते, आणि सुरुवातीचे बाधित.

०.२ वरून एवढंच कळतं की आर-नॉट (सुरुवातीला एका रुग्णाकडून सरासरी किती जणांना लागण होते तो आकडा) वजा एक, गुणिले सुटण्याचा दर, हे आठवड्याला सुमारे ०.४ भरतं. आजार आठवडाभराचा धरा: आर-नॉट १.४, लागणयोग्य बावीस हजार. साडेतीन दिवसांचा धरा: १.२, बत्तीस हजार. वक्र रेसभरही हलत नाही! मुळात माणसांचा प्लेग हे उंदरांच्या प्लेगचं प्रतिबिंब, असं त्यांनी धरलेलं आणि दर कायम एकच. यावरून स्थिरांकांच्या किमती काढू नयेत, हेही त्याच निबंधात लिहिलंय. आलेख नाचवणारे तिथवर वाचत नाहीत.

इथे परदेशातल्या विद्यापीठात क्वालला, म्हणजे पीएचडीच्या पात्रता परीक्षेला, हेच खोदून विचारतात. प्रोफाइल लाइकलीहूड काढा: एक आकडा पक्का धरायचा, बाकीचे नव्याने बसवायचे, मग तो थोडा सरकवून पुन्हा तेच. लाइकलीहूड (मॉडेल विदेशी किती जुळतं त्याचं माप) सपाटच राहिली, तर तो आकडा विदेत नाहीच. मग ओडीई सॉल्व्हर (मॉडेलची समीकरणं सोडवणारा प्रोग्रॅम) बदलून काही होत नाही. वेगळं मोजमाप आणा, नाहीतर मॉडेल लहान करा. अर्थात सॉफ्टवेअरनं दिलेली किंमत चार दशांशांपर्यंत छापणारे प्रबंध इथेही निघतात. तिकडच्यांशी भांडताना ते मी सांगत नाही.

इथल्या वर्गात 'बॉम्बे' म्हणजे आलेखावरचं एक लेबल. पण सतरावा आठवडा म्हणजे एप्रिलचा मध्य. पुढे उकाडा चढतो आणि प्लेग उतरतो; मॉडेलमध्ये मात्र ऋतूच नाही, तरी वक्र उतरतो. मुंबईतल्या कुणालाही विचारलं असतं तर एप्रिल म्हणजे काय ते सांगितलं असतं. मला अजून तिथला धरतात का, ते ठाऊक नाही.