अहो, शर्यत लागलीय का?

एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर गाइड रोज सकाळी कानीकपाळी ओरडतो: सावकाश चला, पाणी प्या, डोकं दुखलं तर लगेच सांगा. ऐकतंय कोण! आमच्या ग्रुपमधले वीर मनगटावरच्या घड्याळात बघत सुसाट. का, तर दर रविवारी सिंहगड चढतात म्हणे! अहो, सिंहगड १,३०० मीटर, वाटेतलं नामचे बाजार गाव ३,४४०. काही हिशोब?

उंचावरच्या विरळ हवेची सवय व्हावी म्हणून नामचेला जास्तीचा मुक्काम, तर 'दिवस फुकट गेला' ही कुरकुर. रात्री डोकं ठणकतंय, डाळभात समोर नकोसा झालाय, उमासे येतायत, तरी गाइडसमोर 'एकदम मस्त!' मग आणखी वरच्या दिंगबोचे गावात महाशय आडवे. आणि त्यांची सॅक कुणाच्या पाठीवर? त्याच पोर्टरच्या, जो आधीच दोघांच्या बॅगा कपाळावरच्या पट्ट्याने तोलतोय. वर त्यालाच विचारणार, "भाऊ, अजून किती राहिलं?"

याक आले की डोंगराच्या बाजूला व्हा, हेही रोज सांगायचं. यांचा सेल्फी मात्र दरीच्याच कडेला! आणि काही झालंच तर, "हेलिकॉप्टर मागवू की!" हेलिकॉप्टर काय रिक्षा आहे, हात केला की थांबायला?